न रुसलेली आत्या

सोलापूर जिल्ह्यात माझ्या आत्याइतकी माणसांवर जीव टाकणारी आणि माणसांपासून इतकी लांब पळणारी बाई दुसरी नसेल. अकलूजहून ती लग्नाला आली की कोपऱ्यात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा सावरून बसतात. नवरदेवाच्या मामाला चिडवणं, विहिणींना नाव घ्यायला लावणं, शेंगाचटणीत लसूण कमी पडलाय हे आचाऱ्याला ऐकवणं, सगळं एका दमात. आणि ऐन पंगतीत ती गायब होते. कार्यालयाच्या गाद्या ठेवायच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगावर, भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. मला हे ठाऊक आहे, कारण एकदा मीही लपायला तिथेच गेले होते. "तू बी व्हय?" एवढंच म्हणून ती जरा सरकली. तासभर आम्ही एक शब्द बोललो नाही.

पण लग्नातून आत्या उठून गेली म्हणजे मानपानावरून रुसली, असं आमच्याकडे धरूनच चालतात. दादाच्या लग्नात वहिनीचे वडील आणि तिचे दोन काका साडी-नारळ घेऊन गाद्यांच्या खोलीत शिरले, आणि त्यांच्यामागे वाजंत्री सोडून बाकी सगळं वऱ्हाड. मी दारात दोनदा घसा खाकरून सांगितलं, "ती रुसली नाहीये, दमलीय." कुणी ऐकलं नाही.

"काय चुकलं असंल तर पोटात घाला, ताई," वहिनीचे वडील हात जोडून म्हणाले. आत्यानं साडी घेतली, कारण त्याशिवाय ते बाहेर जाईनात. अशा साड्यांनी तिचं एक कपाट भरलंय, आणि लोक म्हणतात, "बाईला मानपानाची लई हाव."

पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे. "त्यांना नकोच बोलवायला. मुलाकडच्यांसमोर रुसल्या तर?" आई म्हणाली. मी खरं कारण सांगितलं. पण नुसतं बोलून माणूस दमतो कसा, हे आईला पटेना. शेवटी तिला न विचारता मीच अकलूजला गेले आणि आमंत्रण दिलं.

"तुझ्या आईला नगं असंल तर नगं बोलवू गं," आत्या म्हणाली. "मला बी बरंच हाय की." आणि उगाच पदरानं डबा पुसत बसली. तिला हायसं वाटलं की वाईट, मला कळेना.

"तू ये. मध्येच उठून मीही येईन तुझ्याबरोबर."

"नवरीच रुसली म्हणतील की!" ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. येते की नाही, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. फक्त मला एसटीत बसवून देताना कार्यक्रम किती वाजता आहे, हे दोनदा विचारलं.