फुकट म्हणून नाकारलेली लस

भाऊसाहेबांनी मामीला फसवलं. हे मी कुठेही, कुणाच्याही तोंडावर म्हणायला तयार आहे. मामी काही माझी सख्खी मामी नव्हे. सौंसर तालुक्यात, बोरगावच्या पुढच्या एका खेड्यात तिची संत्र्याची बाग होती आणि सगळं गाव तिला मामी म्हणायचं. भाऊसाहेब त्याच गावचे माजी सरपंच. मामीच्या बागेला लागून त्यांची तिच्या चौपट बाग. आणि मी पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी. मंडीत हमाली करता करता व्यापारी झालो, त्यामुळे कोण कुणाला कसं फसवतो हे मला शिकवावं लागत नाही. वीसेक वर्षं मी स्वतः मामीला फसवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. भाऊसाहेबांना पहिल्या फटक्यात जमलं, आणि तेही तिच्याशी एक शब्द न बोलता.

आमच्याकडे व्यापारी फळ झाडावर असतानाच अख्खा बहार विकत घेतो. बागेत फिरायचं, झाडं पाहायची, आणि अंदाजाने सौदा. मामीचा नियम असा की पहिला आकडा ती कधीच बोलायची नाही. मी विचारायचो, "मामी, किती म्हणतेस?" ती म्हणायची, "मी कायले म्हणू? घ्यायले तू आला. मी त बसून राहिली." मग ती मला या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हात फिरवायची. स्वतः डोक्यावर पदर घेऊन पुढे, मी घाम पुसत मागे. पाणी मागितलं तर म्हणायची, "भाव बोल, मंग पानी." मी चिडून गाडीत जाऊन बसायचो. ती हाक मारायची नाही. शेवटी मीच उतरायचो. एकदा रागाच्या भरात मी तिला म्हातारी चेटकीण म्हणालो, तर ती हसत हसत खाली बसली आणि म्हणाली, "हे बरं बोलला. आता थोडं वाढवून बोल."

वरवर दिसणाऱ्या मालावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सौंसरच्या बाजारात वांगी घेताना ती सरळ टोपलीच्या तळाशी हात घालायची. पोराला मुलगी पाहायला गेली, तेव्हा पोहे देणाऱ्या मुलीला बाजूला ठेवून आधी मागच्या दाराने शेजारणीकडे जाऊन बसली. अशी बाई. पण बागेच्या औषधाच्या बाबतीत तिचा एक वेगळाच हिशेब होता, आणि तो आमच्याकडच्या सगळ्याच लहान बागवाल्यांचा असतो. मोठा बागवाला स्वतःच्या झाडावर कोणतं औषध मारतो ते पाहायचं आणि तेच आपण मारायचं. दुकानदार खोटं बोलेल, कंपनीचा माणूस खोटं बोलेल, पण मोठा बागवाला स्वतःच्या झाडाशी खोटं बोलणार नाही. मामी भाऊसाहेबांचा पंप कुंपणावरून पाहायची आणि दुसऱ्या दिवशी तेच औषध आणायची. यात तिचं कधी नुकसान झालं नव्हतं.

आणखी एक सांगितलं पाहिजे. संत्र्यावर काळी माशी आली की पानं कोळशासारखी होतात. या रोगाला कोळशी म्हणतात. गावात एकाने जरी फवारा मारला नाही, तरी त्याच्या बागेतली माशी सगळ्यांकडे पसरते. असा आळशी बागवाला सापडला की मामी त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. "तुह्यी बाग मेली त मर, पण माह्या बागेत रोग काऊन पाठवून राहिला बे?" झाडांचं हे गणित तिला पाठ होतं. माणसांचं गणित याहून वेगळं नाही, हे मात्र तिला कुणी पटवू शकलं नाही.

कोरोनाचं दुसरं वर्ष उजाडलं. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्यांची, तोड सुरू होती आणि साठीच्या वरच्यांना लस देणं सुरू झालं. गावची नर्सबाई घरोघर फिरत होती. मी त्या दिवशी मामीच्या ओसरीवरच होतो.

"मामी, शाळेत या. सुई घ्यायची हाय."

"कितीले?"

"फुकट हाय ना मामी."

"फुकट? मंग वरून काय देता?"

"वरून काही नाही."

"फुकट देऊन राहिले अन् दारोदार फिरूनही राहिले! बाई, ज्या मालाच्या मागं इकणारा सोता धावते ना, त्या मालात किडा असते. चांगलं संत्रं कोणाच्या दारी गेलं का आजवर?"

नर्सबाई हसली. मीही हसलो, कारण धंद्याच्या दृष्टीने मामीचं बोलणं खरं होतं. पण मला शुगर आहे, म्हणून मी आधीच लस घेतली होती. मी म्हणालो, "मामी, मी घेतली. एक रात्र ताप आला, हात दुखला. बस. घेऊन टाक."

"तू घेतली म्हणून त मी घेत नाही. तुह्या हातचं पानीही मी पाहून पेते. भाऊसाहेबानं घेतली का? एवढा शिकलेला, नागपूरले घर हाय, मोठमोठे डाक्टर ओळखीचे. त्यानं नाही घेतली. त्यानं घेतली की दुसऱ्या दिवशी मी घेते."

हा तिचा सौदा. यावर मी तासभर डोकं फोडलं. शेवटी ती म्हणाली, "तू संत्रे पाह्यले आला का माही नाडी पाह्यले?"

तिथून उठून मी भाऊसाहेबांकडेच गेलो. म्हटलं, तुम्ही एकदा शाळेत जाऊन बाही वर करा, अर्धं गाव मागे येईल. ते पारावर मजुरांसमोर बसले होते. म्हणाले, "ज्याची त्याची इच्छा. मी काही कोणाले घे म्हणत नाही, घेऊ नको म्हणत नाही. मले तरी काही गरज वाटत नाही." मजुरांनी माना हलवल्या. गावात लस घेणारे इतके कमी निघाले की नर्सबाईने नंतर शाळेत येऊन बसणंच सोडलं.

मग लाट आली. तिगावकडच्या एका वस्तीत मी सौद्याने घेतलेल्या दोन बागा होत्या, त्यामुळे मी दोन्हीकडचं पाहिलं. तिथे निवृत्त झालेल्या एका मास्तरीणबाईंनी ट्रॉलीत सतरंजी टाकून सगळ्या म्हाताऱ्यांना केंद्रावर नेलं होतं. स्वतः सगळ्यांत आधी घेतली होती. रोग तिथेही आला. लस घेतलेलेही आजारी पडले, हे मी लपवत नाही. मीही आठवडाभर अंथरुणावर होतो. पण तिथले म्हातारे खोकले, अशक्त झाले, आणि हळूहळू उठून बाजेवर बसले. एक आजोबा तेवढे गेले. मामीच्या गावात रोग या घरातून त्या घरात कोळशीसारखा गेला, आणि जिथे म्हातारं माणूस होतं तिथून रडणं ऐकू आलं. एका घराची राख सावडून होत नाही तोच दुसऱ्या घराचा निरोप यायचा. खांदा द्यायलाही लोक पुढे येईनात.

मामीलाही रोगाने गाठलं, आणि तिला छिंदवाड्याच्या दवाखान्यात जागा मिळाली, तीही नागपूरला दोन दवाखान्यांच्या दारातून परत आल्यावर. मी अंथरुणावर होतो, फोनवरच बोललो. तिला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. तरी म्हणाली, "बहार... तुलेच दे म्हनलं पोराले." मी म्हणालो, बोलू नकोस. ती थांबली, श्वास घेतला, आणि म्हणाली, "सस्त्यात... नको देऊ म्हनलं." पुढे फक्त यंत्राचा आवाज येत होता. ती गेली, आणि तिला घरीही आणता आलं नाही. पोराने लांबूनच पाहिलं.

लस घेतली असती तर मामी नक्की वाचली असती, असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. पण मी आयुष्यभर अंदाजावर पैसा लावत आलो आहे, आणि दोन बागा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की कोणत्या औषधाने काय केलं हे मला कळतं.

पुढच्या बहाराला भाऊसाहेबांच्या अंगणात चहा पीत बसलो होतो. बोलता बोलता मामीचा विषय निघाला. ते चुकचुकले. मग मला जवळचा समजून, डोळा मिचकावून म्हणाले, "आपण त पोराकडं नागपूरले जाऊन दोन्ही डोज मारून आलो होतो ना. तोड चालू असतानाच."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "मग गावात का नाही सांगितलं?"

"काय शेट, तुम्ही धंदेवाले अन् असं इचारता? मी घेतली म्हनलं असतं त सारे मजूर घ्यायले गेले असते. दोन-दोन दिवस तापानं पडले असते. फळ झाडावरच गळलं असतं. तोड कोणं केली असती, तुम्ही?"

मी कप जमिनीवर आपटला. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गडी धावत आले, मला धरून फाटकाबाहेर काढलं. तेव्हापासून त्यांचं एक फळही मी घेत नाही आणि ते माझं तोंड पाहत नाहीत. गावात लोक समजतात, सौद्यावरून बिनसलं.

हे सगळं गिळून मी गप्प बसलोही असतो. पण मागच्या महिन्यात मामीच्या घरी गेलो होतो. तिचा नातू दीड वर्षाचा आहे, आणि गावात गोवराच्या दोन केसेस निघाल्या आहेत. नर्सबाई दारात उभी होती आणि मामीची सून पोराला कडेवर घेऊन म्हणत होती, "नाही द्यायची सुई. भाऊसाहेबानं तवा घेतली होती का? काय झालं त्याले? ठणठणीत हाय. अन् हे शेटजी घेऊनही पडलेच होते ना?"

मी तिला खरं काय ते सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "शेटजी, तुमचं अन् त्याहिचं वाकडं हाय, हे साऱ्या गावाले ठाऊक हाय."

तिचंही चुकत नाही. माझ्या बोलण्याला त्या गावात किंमत उरलेली नाही. म्हणून आता हे थेट तुम्हालाच लिहितो, भाऊसाहेब. तुम्ही धडधाकट फिरता, आणि तुमच्या तब्येतीकडे पाहून त्या गावच्या आया आजही पोरांची सुई टाळतात. म्हणून हे तुम्हालाच बोलावं लागेल, तुमच्याच तोंडाने, त्याच पारावर, मजुरांसमोर आणि मामीच्या सुनेसमोर. "मी नागपूरला जाऊन लस घेतली होती आणि तुमच्यापासून लपवली", एवढंच वाक्य आहे. माफी मागा असंही मी म्हणत नाही. नर्सबाई येत्या मंगळवारी पुन्हा येणार आहे. तुम्ही येता की नाही, बोला.