पुनारामच्या जीपखालचा पत्रा

बालाघाटच्या मोटारस्टँडवर पुनाराम मेश्रामइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. पेट्रोल भरताना तो पंपवाल्याच्या हाताकडे बघायचा आणि चहा पिताना चहावाल्याच्या तोंडाकडे. जीप उभी करून चार पावलं गेला की परत यायचा आणि वाकून खाली नजर टाकायचा. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातंय!

हा संशय काही त्यानं आईच्या पोटातून आणला नव्हता. आधी तो एका लाकूडठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. कोणीतरी त्या ट्रकमधलं नवं तेल काढून जळकं भरलं, इंजिन बसलं, आणि ठेकेदारानं भर बाजारात पुनारामला चोर म्हटलं. ना चौकशी, ना विचारपूस. बौद्धवाड्यातला माणूस, त्याच्यावर आळ घेताना कोण कशाला थांबतंय? तेल कोणी काढलं ते कधीच कळलं नाही, पण गाडीच्या खाली हात घालणारा प्रत्येक माणूस त्या दिवसापासून पुनारामच्या लेखी चोर ठरला. पुढं त्यानं लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि बालाघाट-बैहर सवारी सुरू केली, तेव्हा हा संशयही बरोबर गाडीत बसला.

एका माणसाचा तेवढा अपवाद होता, तोही बायकोमुळे. लीलाबाईचे आईबाप केव्हाच गेले होते. माहेर म्हणून उरला होता धाकटा भाऊ खेमराज. स्टेशनाजवळच्या एका कारखान्यात तो वेल्डिंग करायचा आणि दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा. तो आला की लीलाबाईचा आवाजच बदलायचा, भाजीत तेल जरा जास्त पडायचं. पुनारामला ते दिसायचं आणि आवडायचंही. जीपचं किरकोळ काम खेमराजकडे जायचं, मात्र पुनाराम शेजारी उकिडवा बसून राहायचा.

एका पावसाळ्यात बैहरच्या रस्त्यावर नाला ओलांडताना दगड लागला आणि चेंबर फुटलं. चेंबर म्हणजे इंजिनच्या पोटाखालची तेलाची पेटी. तेल वाहून गेलं, सवाऱ्या चिखलातून पायी गेल्या, धंदा बुडाला. चेंबर बदललं, पण त्याच्याखाली आता मजबूत पत्रा लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. रविवारी जेवण झाल्यावर खेमराजनं अंगणात कोळशानं जीपचं पोट काढून दाखवलं.

"भाऊजी, लय जाड पत्रा नोको. वजनानं समोरचे स्प्रिंगचे पाटे बसून जातीन. मध्यम घ्या. अन् तेलाच्या बोल्टाखाली एक खिडकी ठेवा, मांगून उघडा ठेवा."

"खिडकी काहून?"

"तेल बदलाले. अन् जंगलातला पाला अटकते, तो काढाले."

"म्हंजे खालून हात घालाले."

"हौ, हात त घालाच लागते," खेमराज भोळेपणानं म्हणाला.

झालं! त्या एका 'हौ'नं पुनारामच्या मनात पाल चुकचुकली. खिडकी याला पाहिजे, हात याला घालायचा आहे, आणि पत्रा पण हाच लावणार. त्यानं पानाला चुना लावला आणि "पाहू" म्हणाला. पुनारामचं 'पाहू' म्हणजे 'नाही', हे लीलाबाईला ठाऊक होतं. तिचं भांडी घासणं मध्येच थांबलं.

दुसऱ्याच दिवशी हा गडी किरनापुरला गेला, सुखराम लोहाराकडे. तिथं त्यानं पत्रे इतक्या बारकाईनं पारखले की कोणी पोरीला स्थळही तसं पाहात नाही. हा ठोकून बघ, त्याचा आवाज ऐक, तो खिळ्यानं खरवड. पातळ पत्र्यावर संशय, कारण तो फाटेल. डांबराच्या ड्रमच्या पत्र्यावर संशय, कारण तो आतून कुजलेला असेल. शेवटी जुन्या पाण्याच्या टाकीचा जाडजूड पत्रा त्याच्या मनास आला. परातीसारखे काठ वर वळव, चारी बाजू बंद कर आणि बोल्ट नको, रिबेटच ठोक, कायमचे बसणारे, असं त्यानं सांगितलं. बोल्ट असला तर पान्यानं खोलता येतो ना!

सुखरामनं हातोडा खाली ठेवला. "अन् तेल कसं बदलवसीन?"

"ते माह्यं मी पाहीन."

रिबेट ठोकून झाले. वर काठाशी दोन बोटं फट उरली होती तेवढीच. पुनारामनं खालून पत्र्यावर थाप मारली. आता कोणाच्या बापाचा हात आत जात नाही! तो इतका खूश झाला की येताना लीलाबाईसाठी चिवडा घेऊन आला.

तेल बदलायचं म्हणजे रिबेट तोडायचे, मग हा नुसतं वरून तेल टाकत राहिला. दगड लागायचे, पत्रा वाजायचा, चेंबरला ओरखडा नाही. पुनाराम स्टँडवर छाती काढून फिरू लागला. खेमराजनं वाकून पत्रा पाहिला आणि हात पुसले. रविवारी येऊन तो पूर्वीसारखा जेवून जायचा.

चैत लागला आणि जीपमधून जळका वास येऊ लागला. घाट चढून आलं की जास्तच. आता वास आला तर माणूस खाली वाकून बघेल. पुनाराम माणसं बघू लागला. आपल्या वाईटावर कोण आहे? पत्रा लावायला मी कारखान्यात गेलो नाही, याचा राग कोणाला?

भीमजयंतीला वार्डात मांडव पडला होता. सगळी बिरादरी जमलेली, जेवणं चाललेली. पुनाराम पाणी प्यायला उठला आणि त्याला काय दिसलं? मांडवामागं उभ्या जीपच्या पुढच्या चाकाशी खेमराज वाकलेला, एका हाताची बोटं पत्र्याच्या काठावरच्या फटीत आणि दुसऱ्या मुठीत वाळलेला पाला.

"पकडला!" पुनाराम असा ओरडला की वाढणारे थबकले. "पाला कोंबून राह्यला माह्या गाडीत! जाळाले पाह्यते! म्हनूनच वास येते!"

"भाऊजी, मी काढून राह्यलो. आत लय..."

"चोर! खिडकी कायले पाह्यजे होती, आता समजलं मले!"

सारी पंगत ऐकत होती. लीलाबाई पोळ्यांची टोपली घेऊन उभी होती, तिच्या हातून ती सुटली. खेमराजनं मूठ उघडली, पाला खाली टाकला, हात झटकले आणि तो मांडवाबाहेर गेला. पुढच्या रविवारी लीलाबाईनं त्याच्यासाठी ताट वाढलं. उन्हं उतरेपर्यंत ते तसंच राहिलं, मग तिनं ते उचलून गाईपुढं ठेवलं.

"माह्या भावाले तुमी चोर म्हनलं," ती एवढंच म्हणाली. "आता मले माहेर कुठचं राह्यलं?"

पुनाराम उठून जीपखाली बघून आला. संशय तसाच होता.

त्याच आठवड्यात बैहरकडच्या जंगलात, भर दुपारी, जीपखालून धूर निघाला. सवाऱ्या उड्या टाकून पळाल्या. पुनाराम वाकून पाहतो तर पत्र्याच्या आत जाळ. वरून टाकायला पाणी नाही आणि पत्रा खोलायला बोल्ट नाही! ज्या रिबेटांवर तो छाती काढून फिरला, त्यांच्यावर तो दगड घेऊन तुटून पडला. एकही हलला नाही.

मोहफुलं वेचणारे गोंड धावत आले. चैतात ते मोहाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, तेव्हा आग आवरणं त्यांच्या हातचं होतं. त्यांनी फटीतून माती लोटली, पिण्याच्या तुंब्यांतलं पाणी ओतलं, जाळ बसल्यावर सगळ्यांनी खांदा लावून जीप आडवी पाडली. काठावरून काळा, तेलात भिजलेला पाला भसाभस बाहेर पडला. टोपल्याच्या टोपल्या!

"खेमराजनं कोंबला," पुनारामच्या तोंडून निघालंच.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्या महागूनं पाला काठीनं उसकटला. वर यंदाचा सरईचा, म्हणजे सालाच्या झाडाचा पाला होता. त्याच्याखाली चिखलात थापला गेलेला पावसाळ्यातला. मध्ये मोहाची फुलं, वाळकं गवत, एक मेलेला सरडा. थरावर थर.

"ये किसी ने नहीं भरा, भैया," महागू म्हणाला. "सरई तो इधर है, बालाघाट में कहाँ? तेरी गाड़ी खुद बटोरती रही. निकलने का रास्ता ही नहीं रखा तूने."

पुनाराम रस्त्याच्या कडेला बसला. खेमराजच्या मुठीतला पाला त्याला आता दिसला, जसा होता तसा. तो आत जात नव्हता, बाहेर येत होता. त्याला लाज वाटली, इतकी की महागूनं दिलेलं पाणी त्याच्यानं पिववलं नाही.

जीप बैलांनी ओढत बैहरला आणि तिथून ट्रकमागं बांधून बालाघाटला आली. इंजिन वाचलं होतं. पुनाराम कारखान्यात गेला आणि सगळ्यांसमोर खेमराजचे पाय धरायला वाकला. खेमराजनं त्याला वरच्यावर धरलं.

"पाय नोका धरू, भाऊजी. मोठे आहा तुमी."

"पत्रा काप. खिडकी ठेव. तुले जसं पटते तसं कर."

"करतो. पन वार्डातले पंच आनून बसवा इथं. त्याहिच्या समोर करतो."

"काहून? माफी मांगली न मी?"

"मांगली. म्या माफ केलं. पन उद्या तुमच्या गाडीचं काही झालं, त मले चोर म्हनाले सारा वार्ड तयार हाये. साक्षी बगर मी हात लावत नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पुनारामला बरं वाटलं असतं. पंच आले, ओळीनं बाकावर बसले. खेमराजनं एकेक रिबेट कापला आणि प्रत्येक वेळी गाडीखालच्या खड्ड्यातून बाहेर येऊन पंचांना दोन्ही हात उघडे करून दाखवले, रिकामे. पुनाराम भिंतीला टेकून बघत होता. बघायची तर त्याला सवयच होती.

पुढं बरीच वर्षं त्या जीपचं काम खेमराजनंच केलं, उत्तम केलं. पण साक्षीदाराशिवाय एकदाही नाही, आणि बहिणीच्या घरी जेवायलाही तो पुन्हा आला नाही. पंचांना दरवेळी कोण बोलावणार? मग लीलाबाईच साक्षीला जाऊ लागली. जीप कारखान्यात न्यायची असली की ती डब्यात भावासाठी भाकर-भाजी बांधून पुढच्या सीटवर बसायची. पुढं पुढं तर पुनाराम धडधाकट जीपही कारखान्यात नेऊ लागला, काहीतरी वाजतंय म्हणून.