विरोधी बाकावरची काकू

एम.ए.च्या पहिल्याच तासाला सरांनी एकेकाला उभं करून तीन गोष्टी विचारल्या: गाव कुठलं, घरी काय करतात आणि शिकून पुढं काय व्हायचंय. विषय लोकप्रशासन, म्हणजे सरकार कसं चालतं, धोरणं कोण ठरवतं, याचा. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं, आणि वर्गातल्या पोरांना वाटत होतं की सरकार आपलीच वाट बघत थांबलंय.

शिरोळकडचा, उसाची शेती असलेल्या घरातला एक जण म्हणाला, तहसीलदार. का, तर त्याच्या चुलत्यानं बांध रेटला होता आणि आजवरच्या एकाही तहसीलदाराला तो मागं सरकवता आला नव्हता. गडहिंग्लजच्या किराणा दुकानदाराच्या मुलाला विक्रीकर अधिकारी व्हायचं होतं, कारण त्याचे वडील देवानंतर त्याच एका माणसाला भीत. शिवाजी पेठेतला फुटबॉल खेळणारा म्हणाला, "फौजदार. न्हाय जमलं तर नगरसेवक."

मग ती उठली. कळंब्याची, एकवीस-बावीस वर्षांची, आई सरकारी दवाखान्यात नर्स, वडील एसटीत मेकॅनिक. म्हणाली, "हे सगळे जे व्हायचं म्हणतात ते धोरण राबवतात, सर. मला ते जिथं लिहितात तिथं बसायचंय."

सरांनी चष्मा काढला.

तिच्यानंतर मी. वय एक्केचाळीस, दोन मुलं कॉलेजात, नवऱ्याचं राजारामपुरीत हार्डवेअरचं दुकान. मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आपण उठून बोलावं आणि दहा माणसांनी हातातलं काम ठेवून ऐकावं. पण तोंडातून निघालं काय, तर "घरी वेळ जात नव्हता, म्हणून आले." सगळे हसले. त्या क्षणापासून मी वर्गाची काकू झाले, ती दोन वर्षं काकूच राहिले.

मला तिचं काहीही बघवत नसे. ती फळ्यावरचं उतरवून न घेता नुसतं ऐकायची, ते बघवत नसे. सर शिकवताना तिच्याकडं बघून मान हलवायचे, ते तर मुळीच नाही. एकदा टिपणं आणायला तिच्या घरी गेले. आई ड्युटीवरून नुकतीच आलेली. पायातली चप्पल काढता काढता तिनं लेकीला विचारलं, "आज सरांशी कशावरनं वाद घातलास?" त्या घरानं बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून पोरगी शिकणार की नाही, हा प्रश्नच तिथं कुणी काढला नव्हता. शिकून पुढं कुठं जाणार, एवढंच विचारायचे. मी कांदेपोहे खाल्ले, छान झालेत म्हटलं आणि घरापर्यंत जळत आले. दारात आमच्या अव्वा, म्हणजे सासूबाई, उभ्या. त्यांचा प्रश्न रोजचा. "भाकरी टाकून गेलतीस न्हवं?"

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सरांनी एक बातमी आणली. पंचायतींत बायकांसाठी जागा राखून ठेवायला लागून फार दिवस झाले नव्हते. नव्यानं निवडून आलेल्या बायकांना कामकाज शिकवायला एक निवृत्त अधिकारी तालुक्या-तालुक्यांत वर्ग घेणार होते आणि त्यांना शिकवणारी एक बाई हवी होती. आमच्या विभागात दरवर्षी जिल्हा परिषदेची लुटुपुटीची सभा भरायची. तिला ते पाहुणे म्हणून येणार आणि तिथंच बाई निवडणार.

ती जागा मला हवी होती. मुलांच्या परीक्षांसाठी जेवढे नवस केले नसतील तेवढे तिच्यासाठी केले. आणि वर्गात मुली दोनच, ती आणि मी. माझ्याकडं बघून कुणी मुलगी म्हणेल तर.

सरांनी भूमिका वाटल्या. ती अध्यक्ष. मी विरोधी बाकावरची सदस्य.

"काकू, तुमचा आवाज मोठा आहे," सर म्हणाले.

अध्यक्षाची खुर्ची गेली म्हणजे जागाही गेली, असं मी धरून चालले. पण तिला सुखानं त्या खुर्चीत बसू द्यायचं नाही, हेही ठरवलं. आठवडाभर स्वयंपाकघरात भाषणाचा सराव केला. अव्वांनी शेजारणीला सांगितलं, "पुस्तकं वाचून डोक्यावर परिणाम झालाय. दुधाच्या पातेल्याला जाब विचारती."

सभेच्या दिवशी ती पांढरी सुती साडी नेसून आली. त्या रंगात ती चांगली दिसत होती, हे मी दोनदा तपासलं. सभा सुरू झाली आणि मी उठले ते बसलेच नाही. नळयोजना मंजूर झाली, पाइप आले, खड्डे खणले, मग पाणी कुठंय?

"सदस्यांनी खाली बसावं," अध्यक्ष शांतपणे म्हणाल्या.

"बसायला न्हाय आलो आम्ही. बसायला घर हाय की. पाणी कुठंय ते सांगा."

मुख्य कार्यकारी अधिकारी झालेला फुटबॉलवाला कागद चाळायला लागला. त्याला काही सापडेना. मी टेबलावर हात आपटला, बांगडी फुटली, आणि समोरच्या रांगेतले पाहुणे ताडकन उभे राहिले. कोटाची बटणं लावत ते म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्या निदर्शनास आणण्यात येते की, सदर योजनेचं काम प्रगतिपथावर असून..."

मग थांबले. इकडंतिकडं बघितलं. नोकरीत अशा किती सभा त्यांनी काढल्या असतील कोण जाणे, पण आपण निवृत्त झालोय, हे ते साफ विसरले होते. हॉल हसून हसून आडवा झाला. अध्यक्षबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

चहाच्या वेळी ते माझ्याकडंच आले. "बाई, बऱ्याच वर्षांनी घाम फुटला मला. त्या बायकांना शिकवायला तुम्हीच या. त्यांना उत्तरं देणारी नको, प्रश्न विचारायला शिकवणारी हवी."

मला जागा मिळाली. आनंद व्हावा की नाही? पण मी आधी काय केलं, तर तिला शोधत गेले. तिचं तोंड कसं होतंय ते मला जवळून बघायचं होतं. ती व्हरांड्यात खुर्च्या आवरत होती. मी बातमी सांगितली.

"लई बरं झालं काकू," ती म्हणाली. "मला विचारलं असतं तर नाही म्हणायला जड गेलं असतं. मी दिल्लीला चाललेय. तिथं धोरणाचाच अभ्यास आहे दोन वर्षांचा. कालच कळलं."

म्हणजे ज्याच्यासाठी मी बांगडी फोडली, ते तिला नकोच होतं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की ती जागा मला नको. दुसऱ्या कुणी नको म्हटलेलं मी का घ्यावं?

"मग नको जाऊस," तो पेपरातून मान वर न करता म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला की माझं जायचं तिथंच नक्की झालं.

ती निघाली त्या दिवशी मी स्टेशनवर गेले. खरं सांगते, निरोप द्यायला नाही. ती रडते का, ते बघायला गेले होते. ती नाही रडली. आईच्या पाया पडली, वडिलांच्या हातून बॅग घेतली आणि खिडकीशी जाऊन बसली, जशी काय ती रोजच दिल्लीला जाते. गाडी हलली आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. तिची आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती जीव लावलात हो तुम्ही पोरीला." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या कामावर निघाले, तालुक्याच्या गावी पहिला वर्ग घ्यायला. एसटीत खिडकी मिळाली होती. बाहेर ऊस मागं पळत होता आणि मी मनात हिशोब करत होते, पुणं गेलं, मनमाड गेलं, आता तिची गाडी भुसावळच्याही पुढं गेली असेल. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "मावशी, कुठलं देऊ?" तेव्हा कुठं मी म्हणाले, गारगोटी.