वरून पाहिलेले पक्षी

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, बंदरावर क्रेन चालवायचे. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा वडील सगळ्यांना सांगत, मुलगा फार उंचीवर काम करतो. ऐकणाऱ्यांना वाटायचं, मोठ्या कंपनीत वरच्या मजल्यावर साहेब असणार. ताईला खरं काय ते ठाऊक होतं, पण लग्नाचा आहेर घरात येईपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. आमची ताई दिसते तेवढी साधी नाही.

एकदा बंदरावरच्या लोकांच्या घरच्यांना काम बघायला बोलावलं होतं, तेव्हा मी त्या क्रेनवर चढले होते. शिडी संपता संपत नव्हती. वर गेल्यावर एक एवढीशी खोली, कपाटासारखी. समोर काच, दोन्ही बाजूंना काच आणि पायाखालीही काच, कारण क्रेनवाल्याचं सगळं लक्ष खाली लोंबणाऱ्या ओझ्याकडे असतं. डोक्यावर मात्र जाड पत्रा. आभाळाशी त्याला काही देणंघेणंच नाही. ती खोली वाऱ्याने हळूहळू डुलत होती आणि खाली धुकं होतं. धुक्यातून जहाजाचं नाक बाहेर यायचं, परत बुडायचं. माणसांचे आवाज वरपर्यंत पोचतच नव्हते. मला झोप येतेय की मी झोपेतच आहे, हे कळेना.

तेवढ्यात माझ्या पायांखालून पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा गेला. दोन्ही पावलांच्या मधून, निवांत. पक्ष्यांना पाठ असते, हे तोपर्यंत माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण सगळे जन्मभर त्यांची पोटं बघतो आणि समजतो की पक्षी पाहिला. भावोजींचं बरोबर उलटं होतं. अंधारात घर सोडायचं, शिडी चढायची, संध्याकाळी उतरून थेट बस धरायची. त्यांनी जे काही पक्षी पाहिले ते वरून, पायाखालच्या काचेतून. नावं कोण सांगणार? त्यांची त्यांनीच ठेवली. बगळ्याला राखी छत्री, पाणकावळ्याला जळकं लाकूड. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासूबाईंकडे बघून हळूच 'राखी छत्री' म्हटलं होतं, आणि मी हार घालताना फस्सकन हसले होते. ते आजही सासरी कुणी विसरलेलं नाही.

दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी एक पक्षी यायचा. घारीएवढा, गडद तपकिरी, लांब पंखांचा. उजव्या खांद्यावर पांढुरका डाग. कुठेतरी जखम होऊन तिथलं पीस वेगळं उगवलं असावं. क्रेनच्या खाली दिव्याचा उंच खांब होता, त्यावर तो बसायचा आणि पायात धरून आणलेला मासा खायचा. भावोजी त्याच वेळी डबा उघडायचे. हा पक्षी नव्हे, ही 'ती', असं त्यांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. ती दिसली की संध्याकाळी घरात शिरता शिरता म्हणायचे, "आली गं." की ताई कपाटाच्या वरच्या खणातून रजया काढायची. बाहेर कितीही कुडकुडायला होवो, 'आली गं' ऐकल्याशिवाय त्या घरात रजई निघत नसे. ताईची मुलं शिंकत शिंकत वाट बघायची. मी तिला म्हणायचे, तुझ्या घरात हवामानखातं नवऱ्याच्या पायाखाली आहे.

मग गुडघे गेले. डॉक्टरांनी शिडी बंद करायला सांगितलं आणि भावोजी निवृत्त झाले. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मालकांच्या हातापाया पडून एक चांगली दुर्बीण स्वस्तात मिळवली आणि त्यांना दिली. बंदरावरच्या सोबत्यांनी पक्ष्यांची ओळख करून देणारं एक पुस्तक दिलं. भावोजींनी ते चाळलं आणि मिटून ठेवलं. त्यातला प्रत्येक पक्षी फांदीवर, कडेने, फोटोग्राफरसमोर बसवल्यासारखा. त्यांचं म्हणणं, असे पक्षी आपण कधी बघितलेच नाहीत, ही दुसरीच कुठली तरी मंडळी आहेत.

पहिल्या थंडीत ते रोज मासळीच्या धक्क्यावर जाऊन बसू लागले. धक्का पाण्यात पुढे गेलेला आहे, तिथून तो दिव्याचा खांब समोर दिसतो. ती आली नाही. तिच्या खांबावर एक दुसराच पांढरा पक्षी येऊन बसायचा. भावोजी थांबले. दुसऱ्या थंडीतही तेच, पांढरा हजर आणि तपकिरीचा पत्ता नाही. ताईने शेवटी न विचारता रजया काढल्या. तेव्हापासून भावोजींच्या मनाने घेतलं की आपण उतरलो म्हणून ती गेली. डबा खाताना आपली सोबत दिसली नाही, म्हणून तिने जागा बदलली. किंवा वाटेतच कुठे मेली. आणि तिची जागा या आगंतुकाने बळकावली. गळ्यात इतकी महागाची दुर्बीण, पण त्या पांढऱ्यावर त्यांनी ती एकदाही लावली नाही. त्याचं तोंड कशाला बघायचं!

तिसऱ्या थंडीत ते खिशात खडे घेऊन जाऊ लागले. मासळीवाल्या बायकांनी ताईला सांगितलं, तुमचे मालक खांबाला दगड मारतात, कुणाला तरी लागेल. काही दिवसांनी तो पांढरा पक्षी दिसेनासा झाला. त्याने भावोजींना काही आनंद झाला म्हणावं, तर तसंही नाही. जेवणावरची वासना उडाली, बोलणं हो-नाहीवर आलं. एका दुपारी ताई माझ्या दुकानात आली, डोळे तपासायच्या खुर्चीवर बसली आणि समोरच्या अक्षरांच्या पाटीकडे बघत रडली. म्हणाली, "माणूस गेलं असतं तर चार लोक भेटायला तरी आले असते. घार गेली म्हणून नवरा अन्न सोडतो, हे सांगू कुणाला?"

मला भावोजींचा राग आला होता, हे इथेच सांगून टाकते. धडधाकट बायको समोर असताना एका पाखरापायी असं बसायचं म्हणजे काय? पण ताईला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही घाबरले.

उन्हाळ्यात आमच्या मालकांनी दुर्बिणींच्या शेजारी पक्ष्यांची नवी पुस्तकं विकायला ठेवली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, पंखा फिरत होता, मी पेंगत पानं उलटत होते. एका पानावर पंख पसरलेले दोन पक्षी होते, एक गडद तपकिरी आणि एक पांढराशुभ्र. वर नाव मात्र एकच, कैकर. मासे धरून खाणारी घार. मला वाटलं नर आणि मादी. मग खालची बारीक अक्षरं वाचली. तपकिरीखाली लिहिलं होतं 'वरून', आणि पांढऱ्याखाली लिहिलं होतं 'खालून'. माझी झोप उडाली. पुस्तकाचे पैसे पगारातून कापा, असं मालकांना म्हणाले आणि दुकान तसंच सोडून निघाले.

ताईच्या स्वयंपाकघरात टेबलावर मी ते पान उघडलं. भावोजींनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. पुस्तक उलटं धरून बघितलं. मला वाटलं होतं, हसतील. माझं तर वाटेतच हसून झालं होतं. त्यांनी बोट एकदा तपकिरीवर ठेवलं, एकदा पांढऱ्यावर.

"म्हणजे ती येत होती," ते म्हणाले. "आणि मी तिला दगड मारले."

ताईची पाठ आमच्याकडे होती, ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला, पण वळली नाही.

"अहो, मलाही तुम्ही आयुष्यभर पाठमोरीच पाहिलीत," ती म्हणाली. "अंधारात उठून जाताना, याच ओट्याशी. मी कुठे गेले का?"

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. मग उठले आणि तिच्या हातातलं भांडं घेऊन पुसायला लागले. मी मुकाट्याने दुकानात परत गेले.

त्या उन्हाळ्यापासून भावोजींनी नव्याने सुरुवात केली. सकाळी गच्चीवर चटई टाकून उताणे पडायचे, छातीवर पुस्तक, डोळ्याला दुर्बीण. सगळे पक्षी त्यांना अनोळखी होते. ज्याला वर्षानुवर्षं राखी छत्री म्हटलं, तो डोक्यावरून गेला तर ओळखू येईना. चुकत होते, पानं उलटत होते, लहान मुलासारखे ओठ हलवत वाचत होते. ताईही शेजारी येऊन पडायला लागली. तिला पक्ष्यांचं फारसं काही नव्हतं, पण आडवं पडायला मिळतं म्हणायची. एकदा मी गेले तेव्हा दोघं तशीच झोपी गेलेली. वर खूप उंचावर काहीतरी गोल गोल फिरत होतं, गच्चीवर ऊन पसरत होतं. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी खाली जाऊन स्वतःच चहा करून घेतला.

पण मनातली धाकधूक काही गेली नव्हती. दगड खाल्लेलं पाखरू परत येईल का? पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. थंडी पडली. तिची नेहमीची वेळ टळून गेली. भावोजी धक्क्यावर जाऊन मोकळ्या हाताने परत येत. खिसे ताई तपासत नसे, ते स्वतःच उलटे करून दाखवत.

आणि मग एक दिवस ती आली. किंवा कुणीतरी आली. पांढरी, लांब पंखांची; पण त्या खांबावर नाही, धक्क्यापासून पार लांब, पाण्यातल्या एका ओंडक्यावर. भावोजींनी दुर्बीण लावली, पण एवढ्या लांबून नुसतं पांढरं अंग दिसलं. तीच का दुसरी? ओळख तर उजव्या खांद्यावर, पाठीकडून, आणि तो डाग धक्क्यावरून दिसायची सोय नाही. भावोजी घुटमळत राहिले. रात्री झोपेनासे झाले.

त्यांच्या जागी आता एक तरुण मुलगी क्रेन चालवते. मासळीवाल्यांकडून तिला हे सगळं कळलं होतं. तिने वरिष्ठांची परवानगी काढली आणि निरोप धाडला, सुट्टीच्या दिवशी काकांना वर घेऊन या, मी आधार देते. ताईने गुडघ्यांना पट्टे बांधून दिले. आम्ही तिघं गेलो. सकाळ होती, धुकं विरत होतं, क्रेनचा वरचा भाग अजून त्यातच हरवलेला. भावोजींनी शिडीला हात लावला. लोखंड थंड होतं, त्यांनी तळहात कपड्याला पुसला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. मग काढून घेतलं.

"नको," ते म्हणाले. "वर गेलो आणि ती नसली, तर मला पुन्हा उतरावं लागेल. एकदा उतरलोय. तेवढं पुरे."

क्रेनवाली काही बोलणार होती, मी तिच्या दंडाला हात लावला. तेवढ्यात पाण्याकडून ती आली. पायात मासा होता, त्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेला. आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेली की पंखांचा आवाज ऐकू आला. थोडी पुढे जाऊन वळली, परत आली, आणि दिव्याच्या खांबाभोवती एक फेरी घेतली. भावोजी मान पूर्ण मागे टाकून बघत होते. डोळ्यांतलं पाणी गालांवर न येता कानांकडे चाललं होतं, पण ते पुसायलासुद्धा मान खाली करायला तयार नव्हते. त्यांनी नुसता हात लांब केला, ताईचा खांदा शोधला आणि धरला.

"हिच्या छातीवर तपकिरी पट्टा आहे गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं ओळखतो हिला, आणि मला माहीतच नव्हतं."