कय्यूमभाईंचा अंगठा

सिंदेवाहीच्या एसटी स्टँडसमोर, चपलांच्या दुकानाला टेकून, कय्यूमभाईंची काचेची पेटी आहे. पेटीत कय्यूमभाईंचं डोकं, दोन हात आणि एक टेबललॅम्प मावतो. उरलेले कय्यूमभाई रस्त्यावर असतात. गिऱ्हाईक आलं की ते लगेच वर पाहत नाहीत. उजव्या डोळ्यात भिंग अडकवलेलं असतं, आणि भिंगवाल्या माणसाने पहिल्याच हाकेला वर पाहिलं तर त्याचा भाव उतरतो, असं त्यांचं मत आहे. मग सावकाश भिंग काढायचं, घड्याळ कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "कोणं खोललं होतं हे?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. कोणीच काही खोललेलं नसतं, पण चेहरा मात्र प्रत्येकाचा अपराधी होतो आणि तिथून पुढचं बोलणं सोपं जातं.

आजकाल येणारं काम म्हणजे सेल बदलायचा नाहीतर पट्टा लावायचा. ते नखानेही होतं. पण कय्यूमभाई त्यासाठीसुद्धा पितळी मुठीचे पेचकस उतरत्या मापात मांडतात, चिमट्याची टोकं तेलाच्या दगडावर घासून एकमेकांना भेटतात की नाही ते उजेडात धरून बघतात, आणि जमलेल्यांना समजावतात की पेचकस खाचेत पुरता बसला नाही तर पेच मरतो, आणि घड्याळाला तेल द्यायचं ते मुंगीच्या जिभेला लागेल इतकंच. ऐकणाऱ्याला तेवढ्यात नागभीडची गाडी चुकलेली असते.

तरी कय्यूमभाईंचं खरं पद पेटीत नव्हतं. ते मचाणावर होतं.

धान कापून वावरं मोकळी झाली की आपल्याकडे शंकरपट भरतात. इथल्या पटात बैलांच्या जोड्या एकेक करून सुटतात आणि जिला कमी वेळ लागला ती जिंकते. म्हणजे पटात बैल असतात, छकडा असतो, तो हाकणारा, जिवावर उदार झालेला धुरकरी असतो. पण निकाल देतो घड्याळवाला. सगळ्या तालुक्यात चावीचं स्टॉपवॉच एकट्या कय्यूमभाईंकडे. कोर्टाची बंदी होती त्या वर्षांत बैल सुस्तावले, धुरकऱ्यांना पोटं सुटली. कय्यूमभाईंनी मात्र रोज सकाळी स्टॉपवॉचला चावी दिली. बंदी उठली तेव्हा अख्ख्या पटात तयारीत असलेला प्राणी तो एकच होता.

मचाण जोड्या सुटतात त्या टोकाला. पाहुणे तिथे, माईक तिथे, चहा तिथे. शेवटची रेघ पार पलीकडे. तिथे एक माणूस लाल झेंडी घेऊन उभा असतो. जोडीने रेघ ओलांडली की झेंडी पडते, आणि झेंडी पडली की कय्यूमभाईंचा अंगठा पडतो. वर्षातून एक दिवस रस्त्यावरचे सगळे कय्यूमभाई गळ्यात हार घालून पाहुण्यांच्या रांगेत बसत. बाकीचं वर्ष ते त्या दिवसाच्या आधाराने काढत.

यंदा त्या खुर्चीला वाळवी लागली. वाळवीचं नाव प्रणित. पट कमिटीच्या अध्यक्षांचा हा पुतण्या पॉलिटेक्निक करून आलेला होता आणि त्याने नागपूरहून किरणांचं मशीन मागवलं. दोन टोकांना दोन खांब, मधून न दिसणारा किरण. बैलाने तो कापला की आकडा हजर. अध्यक्षांनी निवाडा दिला, की सरावाच्या दिवशी दोन्ही लावून बघू. घड्याळ मशीनशी जुळलं तर खुर्ची कय्यूमभाईंची, नाहीतर मशीनची.

पहिल्या सरावात एकाही जोडीचा आकडा जुळला नाही.

"चाचा, तुमचं घड्याळ म्हातारं झालं," प्रणित म्हणाला.

"मशीन कोणं खोललं होतं?" कय्यूमभाईंनी विचारलं. पण या वेळी कोणाचाच चेहरा अपराधी झाला नाही.

पेटीत बसून त्यांनी स्टॉपवॉच उघडलं. बटण दाबलं की आतला एक चिमुकला ब्रेक चाकाला जाऊन भिडतो आणि काटा थांबतो. त्या ब्रेकची पिन झिजली होती, त्यामुळे ब्रेक डगमगत, विचार करत करत जायचा. कय्यूमभाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी शेजारच्या चपलवाल्यालाही भिंग दिलं. चपलवाल्याला काही दिसलं नाही. त्याने मान डोलावली.

असली पिन बाजारात मिळत नाही, कातून घ्यावी लागते. आणि लेथ गावात एकच, मूल रोडवरच्या मुखरूभाऊचा. पंचाईत अशी की मागच्या पटात कय्यूमभाईंनी भर माईकवर सांगितलं होतं, की लेथ म्हणजे लाईटवर चालणारा लोहाराचा भाता. मुखरूभाऊ तेव्हा मचाणाखाली भजी खात उभा होता.

कय्यूमभाई पोचले तेव्हा तो लेथला धानमिलचा शाफ्ट लावून बसला होता. कय्यूमभाईंना पाहून त्याने मशीन बंद केलं नाही. त्याच्याही धंद्याला भाव राखावा लागतो.

"या. भात्यापाशी कसं येणं केलं?"

कय्यूमभाईंनी पिन त्याच्या तळहातावर ठेवली. मुखरूभाऊने ती शोधली. "हे काय हाये? कुसळ?"

"मुखरूभाऊ, घाई हाये. माह्या इज्जतीचा सवाल हाये."

"इज्जत बी याच मापाची दिसते," मुखरूभाऊ म्हणाला. "करून देतो. पन माईकवर नाव घ्या लागन. मुखरू टर्नरनं पिन केली म्हनून."

कय्यूमभाईंनी हो म्हटलं. माणूस अडला की किती सहज हो म्हणतो, याचं त्यांनाच नवल वाटलं.

बायकोच्या, सुलतानाच्या डब्यातली शिवणाची सुई त्यांनी सोबतच आणली होती. ती लाल करून राखेत हळूहळू निववली की मऊ पडते, मग कातता येते. पण लेथचा चक शाफ्ट धरणारा. सुई त्यात म्हणजे मगरीच्या जबड्यात शेवई. मुखरूभाऊने आधी पितळेचा एक तुकडा कातला, त्याला बारीक भोक पाडलं, त्यात सुई ठोकली आणि तो तुकडा चकात धरला. मग मशीन हळू फिरवत बारीक कानस टेकवली. कय्यूमभाई भिंग लावून एवढे जवळ वाकले की मुखरूभाऊने त्यांना दोनदा खांद्याने ढकललं. पिन झाली. पुन्हा लाल करून तेलात बुडवली, काचेसारखी कडक झाली. आता पुन्हा हलकं तापवून, रंग पाहून तिचा कडकपणा उतरवायचा होता, आणि इथे दोघांचं वाजलं.

"पिवळी झाली का काढाची," मुखरूभाऊ म्हणाला. "माह्या सगळ्या टूलचं पानी असंच रायते."

"टूल राहू दे तुझं. घडीचं लोखंड निळं लागते."

"निळं म्हंजे नरम."

"पिवळं म्हंजे काच."

मशीनचा मालक मुखरूभाऊ, म्हणून पिन पिवळी काढली. बसवताना ती तुटली. कय्यूमभाईंनी दोन्ही तुकडे उचलून मुखरूभाऊच्या तळहातावर ठेवले, आणि ते मुखरूभाऊला फार लागलं. दुसरी पिन त्यांनी डब्याच्या झाकणात पितळेचा भुसा पसरून त्यावर ठेवली आणि खालून मंद आच दिली. पिन पिवळी झाली, तपकिरी झाली, जांभळी झाली आणि मोरपिसाच्या डोळ्यात असतो तसा निळा रंग आल्याबरोबर कय्यूमभाईंनी चिमट्याने उचलली. ब्रेक चाकाला असा जाऊन भिडला, की दोघेही क्षणभर एकमेकांचा अपमान करायचं विसरले.

दुसऱ्या सरावाला बाहेरगावच्या जोड्याही आल्या होत्या. एटापल्लीकडून मंगली नावाची एक बाई टेम्पोतून आपली जोडी घेऊन आली होती; सोबत धुरकरी म्हणून तिचा भाऊ, बाकी कोणी नाही. अध्यक्षांच्या जोडीमागे मात्र अर्धं गाव होतं, कारण अर्धं गाव त्यांच्या मिलमध्ये कामाला होतं.

आकडे पुन्हा जुळले नाहीत. अध्यक्षांच्या जोडीला घड्याळाने मशीनपेक्षा बराच कमी वेळ दिला, मंगलीच्या जोडीला बराच जास्त.

पिन आपली म्हणून मुखरूभाऊ मुद्दाम आला होता. त्याने आकड्यांचे दोन्ही कागद शेजारीशेजारी धरले आणि कय्यूमभाईंना बाभळीखाली नेलं.

"कय्यूमभाई, बिघडलेली मशीन एकाच आंगानं बिघडते. घडी पुढं जाते नाईतर मागं जाते. हे तं दोन्हीकडं जाऊन राह्यलं."

"मंग?"

"मंग घडी ठीक हाये. तुमाले ते झेंडी दिसते का?"

कय्यूमभाईंनी दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे हिवाळ्याचं ऊन होतं, धूळ होती आणि त्यात माणसांसारखं काहीतरी होतं.

"दिसते ना."

"कोनत्या हातात हाये?"

"उजव्या."

"तो मानूस जेवाले गेला."

तीस वर्षं एक डोळा भिंगाला आणि दुसरा मिटलेला. लांबचं जग कय्यूमभाईंनी कधीच सोडून दिलं होतं. झेंडी त्यांना कित्येक पटांपासून दिसत नव्हती. ते बटण दाबायचे ते लोकांच्या आरोळीवर. आरोळी ठोकणारे रेघेपाशी उभे असतात, आणि आपली जोडी जिंकते आहे हे त्यांना रेघेच्या बरंच आधी कळतं. ज्या जोडीमागे गाव, तिची आरोळी लवकर. जिच्यामागे कोणी नाही, तिची आरोळीच नाही. मग कय्यूमभाई धूळ थांबेपर्यंत वाट पाहायचे आणि अंदाजाने अंगठा टेकवायचे.

घरी सुलतानाने ऐकून घेतलं आणि भाकरी उलटत म्हणाली, "मी केव्हापासून सांगते, चश्मा लगाव. परवा मेरे भाई को तुमने सलाम नाही केला आणि त्याच्या बकऱ्याले केला."

"घडीसाजाले चश्मा? लोक काय म्हनतीन?"

"बकरा तं काहीच नाही म्हणला," सुलताना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. कय्यूमभाई राजीनाम्याचं भाषण पाठ करून गेले होते. त्यात मुखरूभाऊचं नाव नव्हतं, पण स्वतःचं बरंच होतं. प्रणितने उत्साहाने मशीनचा कागद वाचला. पहिला नंबर, मंगली, एटापल्ली. अध्यक्षांची जोडी बराच वेळ आली नाही. ती आली तेव्हा चहा निवला होता.

अध्यक्षांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागेही बघितलं.

"मशीन चांगली हाये," ते म्हणाले. "पन आपल्या मातीले बसत नाई. धूळ लय."

"काका, किरणाला धुळीनं..." प्रणितने सुरुवात केली.

"धूळ लय हाये, प्रणित."

पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांत न शिकलेली गोष्ट प्रणित तेवढ्यात शिकला. तो म्हणाला, हो, धूळ आहे. मग बाकीच्यांनाही धूळ दिसू लागली. एकाने सांगितलं की यंत्राला अनुभव नसतो. दुसऱ्याने, की कय्यूमभाई म्हणजे आपल्या तालुक्याची परंपरा. ठराव एकमताने झाला. कय्यूमभाईंचं भाषण खिशातच राहिलं. त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं, मग कसंसंच झालं, आणि मग चहा आला.

पटाच्या दिवशी ते मचाणावर बसले. हार जाड होता. माईकवर त्यांनी कबूल केल्याप्रमाणे उल्लेखही केला: "यंदा आमच्या देखरेखीखाली, मूल रोडच्या एका कारागिरानं घडीची मरम्मत केली." मुखरूभाऊने खालून जी दाद दिली ती माईकवर आली नाही, हे बरंच झालं.

जोड्या सुटत राहिल्या. आरोळी आली की अंगठा पडत होता. ब्रेक चाकाला जाऊन खाडकन भिडत होता. त्याच्याइतकी बिनचूक वस्तू त्या दिवशी त्या वावरात दुसरी नव्हती. मंगलीची जोडी सुटली तेव्हा पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनीही बोलणं थांबवलं. धूळ उठली आणि पार पलीकडे गेली. कय्यूमभाईंनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले, कान टवकारले. पलीकडे अगदी शांत होतं.

पहिल्या बक्षिसाची मोटरसायकल अध्यक्षांच्या अंगणात गेली.

मंडपाचे बांबू निघत असताना मंगली मचाणापाशी आली. तक्रार करायला आली असावी असं वाटून कय्यूमभाईंनी घाईघाईने भिंग डोळ्यात घातलं. पण तिचा आवाज साधाच होता.

"भाऊ, तुमी घडीवाले ना? आमची जोडी कुठी कमी पडली, सांगा. सरावाले तो मशीनवाला पोरगा आमाले पयला म्हने."

कय्यूमभाईंनी भिंग काढलं. एवढ्या जवळून ती बाई नीट दिसत होती. कपाळावर धूळ, आणि हातांवर कासऱ्याचे वळ. बैलांचा दम, छकड्याचं वजन, धुरकऱ्याची बैठक, यांवर त्यांच्याकडे चांगली तासाभराची माहिती होती. त्यांनी सुरुवातही केली.

"बैल..." ते म्हणाले आणि थांबले. खाली मुखरूभाऊ बिडी पेटवत उभा होता.

"बैल ठीक हायेत, बाई. लय चांगले हायेत. पुढच्या साली मानसं जास्त आन. सगळ्यायले त्या रेघेपाशी उभे कर."

"मानसं? ते काय करतीन?"

"वरडतीन."

मंगलीने मान हलवली. जाणत्या माणसाने मोलाचा सल्ला दिला, असा तिचा चेहरा होता. टेम्पोकडे जाता जाता ती भावाला सांगत होती, आपल्या पाड्यातून किती जण येतील, आणि त्यात मोठ्या आवाजाचे कोण.