भिंतीपलीकडचा आवाज

शेलार गावात आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकूंचं मला काहीच सहन होत नाही. माझ्या चहाला त्या फक्त "बरा हाय" म्हणतात. मी अंडी उबवायचं मशीन आणलं, तेव्हा नुसत्या हसल्या.

शुक्रवारी भर दुपारी गल्लीतल्या कापडाच्या लूमची खडखड थांबली. लाईट गेली होती आणि अंड्यांचा विसावा दिवस होता, पिल्लं निघायला एकच दिवस उरला होता. मी घाबरून सारखी झाकण उघडून हात लावून बघत होते. काकू न बोलावता आल्या. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी आत ठेवल्या आणि वरून आपली गोधडी घातली.

"सारखा झाकन उघडू नको गो. तुझ्या बघन्यानं त्यांना ऊब न्हाय मिलत."

मग लाईट येईपर्यंत त्या मशीनला टेकून अंड्यांशी बोलत बसल्या. "या रे बालांनो, भिऊ नका."

सगळी पिल्लं निघाली. दाणापाणी मी करते, घाण मी काढते. पण पलीकडे काकू कुणाशी बोलायला लागल्या की पिल्लं दाणे सोडून भिंतीकडे धावतात.

काल आसपास कुणी नाही असं बघून मी काकूंच्याच सुरात म्हटलं, "या रे बालांनो."

एकही पिल्लू हललं नाही. भिंतीपलीकडे काकू मात्र हसल्या.