पायाचा ब्रेक

बाबांच्या सायकलच्या हँडलवर ब्रेक नव्हते. मागच्या चाकाच्या मधोमध एक जाडजूड हब होता आणि ब्रेक त्याच्या पोटात होता. पायडल उलटं दाबलं की चाक थांबायचं. ही विलायती सायकल कुणा इंजिनिअरने बदलीच्या वेळी बाबांना विकली होती. तशी दुसरी आमच्या भागात मी पाहिली नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. तलावातून निघालेल्या कालव्याच्या पाळीवरून रोज सायकलने जायचं, कोणत्या दारातून किती पाणी सुटलंय ते बघायचं, कुणी पाळ फोडून आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी वळवलंय का ते बघायचं, असं त्यांचं काम. सायकल बंद पडली की नोकरी बंद पडणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मात्र घरात कमीच राहिले. पाचवीपासून नागपूरला, इंग्रजी शाळेत, होस्टेलमध्ये. सुट्टीत घरी आले की पाहुण्यासारखी वागायचे आणि घरचेही मला तसंच वागवायचे. बी.ए.ची परीक्षा देऊन मी कायमची परत आले, तेव्हा ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गावातल्या बायका माझ्याशी जपून बोलत. मी त्याहून जपून.

एका सकाळी मी तलावाच्या पाळीवर बसले होते. बाबा वरून उतारावर आले. त्यांनी पायडल उलटं दाबलेलं मला दिसलं. सायकल थांबली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, मग दोन्ही पायांनी, आणि सायकलसकट सरळ खालच्या बांधीत गेले. मी धावले. ते चिखलात बसले होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं,

"कोनी पाह्यलं का?"

"मी."

"तुले सोडून."

सायकल एस.टी.च्या टपावर टाकून आम्ही साकोलीला गेलो. महामार्गाला लागून सायकलचं दुकान होतं. दुकानदाराच्या गालात पान होतं. त्याने हब खोलला, आत बोट फिरवलं आणि मान हलवली.

"बाबूजी, हे अंदरून घासून गेलं."

"मंग दुसरा टाका."

"कोठून टाकू जी? असा माल आता कोनी बनवतच नाई. तुमची सायकल अन् माही सासू, दोघीही जुन्या जमान्याच्या. बिघडल्या का पार्ट भेटत नाई."

वेल्डिंगवाल्याचं दुकान शेजारीच होतं. तो तिथूनच हसला. बाबा हसले नाहीत.

दुकानदाराने सगळं समजावून सांगितलं. आता सायकली बदलून राहिल्या आहेत. जुन्या रिमला मागे चाळीस आरे, नव्या मापाच्या सायकलींना छत्तीस. हबही तसेच येतात. एकाची भोकं दुसऱ्याला जुळत नाहीत. चाळीस भोकांचा साधा हब अजून मिळतो, त्याला फ्रीव्हील लावू, हँडलवर दोन हातब्रेक देऊ. त्याचं सामान कोणत्याही गावात मिळेल.

मला ते पटलं. अनोळखी माणसांपुढे मी सहसा तोंड उघडत नसे, पण म्हणाले, "बाबा, साधाच बसवू या ना. हातब्रेक जास्त चांगला."

"तुले समजत नाई, बाई. मले पायाची सवय हाये."

"पोरगी शिकली-सवरली, तिचं तं आयका!" असं म्हणत दुकानदाराने हातब्रेकची मूठ बाबांपुढे धरली. "एकडाव दाबून तं पाहा. लोण्यासारखा चालते."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मला त्यांचा राग आला. घरी ते असेच वागत. पिशवीची गाठ मला सोडायला लावत, सदऱ्याची बटणं आईला लावायला लावत. जुन्या पद्धतीचा पुरुष, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

शेवटी दुकानदाराने माळ्यावरून धुळीने भरलेला एक हब काढला. कुणीतरी मोडीत दिलेल्या सायकलचा, पायाच्या ब्रेकचाच. "हे शेवटचंच समजा. पण भोकं छत्तीस. म्हंजे रिम नवी, आरे नवे. अन् हबच्या ह्या दांडीले फ्रेमवर नवी पट्टी करून घ्या लागन, नाई तं ब्रेक लागाचा नाई. एवढ्यात अर्धी नवी सायकल येते जी!"

"टाका," बाबा म्हणाले. किती होतील, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

चहा आला. बाबांनी ग्लास दोन्ही तळहातांमध्ये धरला, नेहमीसारखा. वेल्डिंगवाल्याने लोखंडाची पट्टी लाल केली, ठोकून वाकवली आणि विटेवर ठेवली. बघता बघता ती काळी पडली, साध्या लोखंडासारखी. बाबांनी ग्लास खाली ठेवला, वाकले आणि ती पट्टी उचलून फ्रेमला लावून पाहू लागले.

आधी वास आला. केस जळल्यावर येतो तसा. तो कुठून येतोय हे मी शोधत होते.

"बाबूजी! सोडा, सोडा! गरम हाये ते!" वेल्डिंगवाला ओरडला.

बाबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाची असावीत तसं. मग पट्टी हळूच विटेवर ठेवली.

"हो," ते म्हणाले. "गरम हाये जरासं."

बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघही नव्हती. भीती मात्र होती, माझ्या नजरेची. मी काय बघितलं याची. मला काहीच कळत नव्हतं. दुकानदाराला कळलं. त्याचं पान चघळणं थांबलं. त्याने हात पुसायचा बोळा घेतला, त्या बोळ्याने बाबांचा चहाचा ग्लास धरला आणि बाकीच्या ग्लासांपासून दूर, दुकानाच्या पायरीखाली नेऊन ठेवला.

त्या ग्लासाकडे पाहिलं आणि मला कळलं.

बसस्टँडजवळच्या झाडाखाली आम्ही बसलो. बाबांच्या हाताला मी माझा रुमाल बांधला. तो बांधून झाल्यावर मला जाणवलं, मोठी झाल्यापासून मी त्यांचा हात कधी धरलाच नव्हता.

"कधीपासून?"

"डाग तं जुना हाये. तू चवथीत होती."

"आईला माहीत आहे?"

"हो."

समोरून दोन गाड्या गेल्या. चौथीत असताना डाग, आणि पाचवीपासून होस्टेल. मी ते तोंडाने म्हटलं नाही, पण त्यांना ऐकू आलं असावं.

"घरात लहान लेकरू," ते म्हणाले. "मी कोनाले इचारू? कोनाले सांगू? तुह्या मामानं त्या शाळेचं सांगितलं, तं पाठवून देल्लं."

"तुम्ही तर सगळ्यांना सांगायचात, माझ्या पोरीला इंग्रजी आलं पाहिजे म्हणून."

"लोकाईले काही तं सांगा लागते." थोड्या वेळाने म्हणाले, "मंग तेच खरं झालं."

ज्या शाळेमुळे मी स्वतःला जरा वेगळी समजत होते, ती शाळा म्हणजे मला दूर ठेवायची जागा होती. सुट्टी संपली की बाबा मला बसपर्यंत सोडायला येत आणि चार हात लांब उभे राहत. मला तो बापाचा रुबाब वाटायचा. त्यांनी मला सायकलवर कधी बसवलं नव्हतं. तसं लांब उभं राहणं मीही त्यांच्याकडूनच उचललं होतं, आणि लोक त्याला माझा लाजरा स्वभाव म्हणत.

"नोकरी जाईन," ते म्हणाले. "हातात ब्रेक देल्ला तं दाबता येत नाई, हे एका दिवसात साऱ्या खात्याले समजन."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. आई नको म्हणत होती, तरी नेलं. डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की सांगा." बाबांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी बोटाला टाचणी टोचली. बाबा शांत बसून होते.

"टोचा ना जी," ते म्हणाले.

बोटावर रक्ताचा थेंब आला होता. मी खिडकीकडे पाहिलं.

डॉक्टरांनी कुष्ठरोगाच्या गोळ्या दिल्या. रोग थांबेल, म्हणाले. औषध नियमित घेतलं तर दुसऱ्याला व्हायची भीती नाही. घरात राहा, नोकरी करा. हातातली गेलेली ताकद मात्र परत येईल असं धरून चालू नका. इतकं साधं होतं हे सगळं. इतकी वर्षं आम्ही कशाला भीत होतो, आणि ती गेलेली वर्षं आता कुणाकडे मागायची, ते मला कळेना.

चार दिवसांनी आम्ही परत दुकानात गेलो. सायकल तशीच भिंतीला टेकून होती. कुणी हात लावला नव्हता.

"मले वाटलं, तुम्ही येत नाई आता," दुकानदार गल्ल्यामागूनच म्हणाला. दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. बाबा रस्त्यावरच थांबले.

मी गल्ल्यापाशी गेले. "पायाचाच ब्रेक बसवा," मी म्हणाले. "बाबांच्या हाताला पकड नाही. दवाखान्याचं औषध सुरू आहे."

गिऱ्हाइकांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही. एवढं मोठ्याने मी कधीच बोलले नव्हते.

"पुढं पार्ट भेटणार नाई, बाई. आताच सांगून ठेवतो."

"हातब्रेकचे पार्ट सगळीकडे भेटतील. पण तो दाबणार कोण?"

त्याने जरा वेळ पान चघळलं. मग उठला, शेजारच्याला पट्टी लावायला सांगितली आणि नव्या रिममध्ये आरे भरायला बसला. काम नीट केलं. चहा मात्र मागवला नाही.

सायकल तयार झाली तेव्हा एस.टी.ला वेळ होता. बाबांनी सायकल रस्त्यावर घेतली, थोडी पुढे जाऊन पाय उलटा दाबून पाहिला आणि माझ्याजवळ येऊन थांबले.

"बस," ते म्हणाले.

मी कॅरिअरवर बसले. हात कुठे ठेवायचे ते मला कळेना, म्हणून सीटखालची स्प्रिंग धरली. आमच्यात वीतभर अंतर होतं. महामार्ग सोडून आम्ही कालव्याच्या पाळीला लागलो. दोन्ही बाजूंना धान होतं.

गावाजवळच्या उतारावर समोर म्हशी आल्या. बाबांनी पायडल उलटं दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं आणि माझं कपाळ त्यांच्या पाठीवर आपटलं.

"लागलं काय?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"जरासं," मी म्हणाले, आणि म्हशी निघून जाईपर्यंत डोकं तसंच ठेवलं.